साडूंच्या दुकानातलं लाल पान

...आणि वर मलाच विचारतात, "सर, तुमचा पाम काय म्हणतो?" काय म्हणणार? पाम आहे तो. बोलत नाही, वाढत नाही, मरतही नाही... सात वर्षं झाली, खिडकीपाशी कुंडीत उभा आहे आणि माझ्याकडे असा बघतो, जसा अभ्यास न केलेला मुलगा तोंडी परीक्षेला बघायचा. आणि विचारणारा कोण, तर ज्याचा पाम माझ्या पामाच्या तिप्पट उंच आहे तो. म्हणजे आमचे साडू. माझं काही म्हणणं नाही. विचारावं माणसानं. पण विचारताना आवाजात जरा तरी खोच असावी की नाही? तीही नाही. मनापासून विचारतात हो. अगदी मनापासून... तेच तर मला सहन होत नाही.

थांबा, असं नको. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे, या वयात साडूच्या झाडावर जळतो. मी जळत नाही. मी फक्त सांगतोय.

तुम्हाला सांगतो, मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. एकतीस. मूळ कसं पाणी ओढतं, पान कसं श्वास घेतं, हे मी झोपेत फळ्यावर काढून दाखवीन. आणि आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, ते काय करतात? नळ विकतात. नळ, शॉवर, बेसिन, बाथटब... चांगलं मोठं दुकान आहे, काचेचं, आत गेलं की सगळीकडे आपणच दिसतो. धंद्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांचं झाडांचं ज्ञान किती म्हणाल, तर एकदा दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत ते कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या झाडाला बाटलीतलं पाणी घालत बसले होते. पाणी फरशीवर आलं तेव्हा कळलं. आणि ही गोष्ट त्यांनी स्वतः सगळ्यांना हसत हसत सांगितली. मी असतो तर मेलो असतो, पण सांगितली नसती.

तर हा पाम आला कुठून... आमच्या सासऱ्यांकडून. सासरे बोटीवर इंजिन सांभाळायचे. ऐन पंचविशीत कुठल्याशा बेटावर त्यांची बोट बिघडली आणि अकरा दिवस तिथेच मुक्काम पडला. तिथे बंदराच्या कचेरीच्या अंगणात एक पाम होता. सगळा हिरवागार, आणि मधोमध एकच पान नवीन उमललेलं, लाल. सासरे म्हणतात, "भट्टीतून नुकतं काढलेलं लोखंड असतं ना, तसं." आठ दिवस ते लाल राहिलं, मग तांबूस, मग हिरवं, आणि बोट सुटली. बस, एवढीच गोष्ट. साठ वर्षं सांगतायत. माझ्या लग्न ठरवायच्या बैठकीतसुद्धा सांगितली होती. मी तेव्हा मान डोलावून म्हटलं, "हो, काही पामांचं नवं पान लाल असतं, नंतर त्यात हरितद्रव्य भरतं." झालं, त्या एका वाक्यावर मुलगी दिली मला. म्हणजे माझा संसारच त्या पानावर उभा आहे म्हणा ना.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या एका जुन्या जोडीदारानं, जो त्या बाजूलाच स्थायिक झालाय, एका पाकिटातून पाच बिया पाठवल्या. तीन वाटेत कुजल्या. दोन टणक निघाल्या, बोराएवढ्या. आणि जावई किती? दोन. सासऱ्यांनी समोर बसवून एकेक हातात दिली. मला म्हणाले, "तुम्हाला झाडं कळतात." साडूंना म्हणाले, "तुम्हाला पाणी कळतं." मी मनात म्हटलं, एक बी वाया गेली. बिचारी.

परत निघताना साडू दारातच म्हणाले, "सर, ह्याचं काय करायचं असतं?" आता मला कुणी असं विचारलं की माझं काय होतं, तुम्हाला ठाऊक नाही, पण आमच्या हिला ठाऊक आहे, ती सरळ गाडीत जाऊन बसली. मी जिन्यात उभं राहून पाऊण तास सांगितलं. बी कोमट पाण्यात दोन दिवस भिजवा, वरचा गर काढा, काथ्याचा चुरा ओला करून त्यात ठेवा, उबेला ठेवा, उकरून बघू नका. पुढे ऊन नको, उजेड हवा. हवा दमट हवी. माती ओली हवी, पण पाणी साचता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुळांना हात लावायचा नाही, ह्या झाडाला ते अजिबात खपत नाही. साडू "हं, हं" करत होते. मला वाटलं, ह्या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

चौथ्या महिन्यात साडूंचा फोन. "सर, मोड आलाय. पांढरा आहे, बरोबर आहे ना?" कुठे ठेवली होती बी, म्हटलं. तर दुकानातल्या गरम पाण्याच्या टाकीवर, पिशवीत. ठेवली आणि विसरले. विसरले! आणि मी? मी दर रविवारी सकाळी दात घासायच्या आधी उकरून बघत होतो. भिंग घेऊन. आमची ही म्हणायची, "अहो, तिला जरा एकटीला राहू द्या." मी म्हणायचो, "हे शास्त्र आहे." माझी उगवली सातव्या महिन्यात. वाकडी.

माझं काही म्हणणं नाही. उगवायचं आपापल्या वेळेनं. पण त्यानंतर मला एक सवय लागली, ती तुम्हाला सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. साडूंकडे जायचं म्हटलं की मी शिंप्याची टेप खिशात घालून जायचो. ते चहा सांगायला आत वळले की मी पटकन पाम मोजायचो. पहिल्या वर्षी एक वीत. दुसऱ्या वर्षी गुडघ्यापर्यंत. आणि घरी येऊन मी माझा मोजायचो, आणि मग मला काही सुचायचं नाही हो. मी त्याला खत घालायचो. मग वाटायचं, फार झालं, माती बदलावी. मग वाटायचं, कुंडी लहान पडली असेल, काढून मोठीत लावायचो. मग मोठी फार मोठी वाटायची. दोन वर्षांत चार कुंड्या बदलल्या. सावलीत वाढत नाही म्हणून उन्हात ठेवला, तर शेंडे करपले. आत आणला, तर पिवळा पडला. मी जेव्हा जेव्हा साडूंच्या दुकानात जाऊन आलो, तेव्हा तेव्हा घरी माझ्या पामाच्या अंगावर काटा येत असणार... आला यम, आज काय करतोय कोण जाणे.

आणि ह्या गृहस्थांनी आपला कुठे ठेवला होता? बाथटबमध्ये. दुकानाच्या मागच्या खोलीत एक मोठा टब आहे, दाखवण्यासाठी, कडेला टवका उडालेला, विकला जात नव्हता. त्यात मधोमध कुंडी. वर छतातून उजेड. बाजूला पाच शॉवर, गिऱ्हाइकाला गरम पाणी सोडून दाखवायचे. दिवसभर वाफ. पाणी साचायचा प्रश्न नाही, टबाला खाली भोक आहेच. म्हणजे बघा, जंगलात त्या झाडाला जे मिळतं ते सगळं ह्यांनी नकळत, एक अक्षर न वाचता, नळ विकता विकता दिलं. आणि मी चारशे पानांचा ग्रंथ मागवला होता. पामांवरचा. रंगीत चित्रांचा.

लोक नळ बघायला यायचे आणि पाम बघून जायचे. बायका टबाशी उभं राहून फोटो काढायच्या. एक बाई तर म्हणाली, "हा टब ह्या झाडासकट द्या." साडू मला सांगतात, "सर, मी म्हटलं, टब घेऊन जा फुकट, झाड माझं नाही, सासऱ्यांचं आहे." ऐकलंत? झाड माझं नाही म्हणे. मी घरी येऊन आमच्या हिला म्हटलं, "बघितलंस, किती गोड बोलतात." ती म्हणाली, "गोड नाही, खरं बोलतात. तुम्हाला फरक कळत नाही हल्ली."

तर असं चाललं होतं. आणि इकडे सासऱ्यांचे डोळे. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग आहे, तो पसरत जाणार. कडेकडेनं दिसेल, मधलं जाईल. रंगही फिके होत जातील. घरी आल्यावर जेवताना सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, लाल पान कधी येणार?" मी म्हटलं, "बाबा, प्रत्येक रोपाला लाल येतंच असं नाही. काहींचं हिरवंच उमलतं." ते म्हणाले, "म्हणजे तुमचं येणार नाही?" मी म्हटलं, "येईल, येईल." ते म्हणाले, "लवकर आलं तर बरं." बस. एवढंच. पण त्या दिवसापासून, तुम्हाला सांगतो, मी रोज उठल्या उठल्या कोंब शोधायला लागलो. एक सांगू का... मला बाबांना ते पान दाखवायचं होतं हे खरं. पण त्याहून जास्त मला ते माझं दाखवायचं होतं. हे दोन वेगवेगळे हट्ट आहेत, आणि ते एकाच पोटात असले की पोट दुखतं.

मग दोन महिन्यांपूर्वी सकाळीच मेहुणीचा फोन. साडूंच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेलंय. आम्ही धावलो. पोचेपर्यंत ह्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवूनही झाली होती. साडू पलंगावर, हाताला सुया, आणि मला बघून काय म्हणाले असतील? म्हणाले, "सर, नळी तुंबली होती. आपलाच धंदा निघाला." डॉक्टर हसले, नर्स हसली. मला रडू येत होतं, खोटं नाही सांगत. कितीही झालं तरी पंचवीस वर्षांपासूनचा साडू आहे. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "एक काम आहे. झाडाला कोंब आलाय. नवा. ह्या वेळी जरा वेगळा दिसतोय, तांबडट. दुकान बंद राहणार, वाफ नाही, पाणी नाही. तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. बघाल का?"

मी म्हटलं, "अहो, ते काय सांगायला हवं?" आणि मनात काय झालं, सांगू? मनात कुणीतरी खुर्ची सरकवून उठलं. तांबडट. म्हणजे ह्यांचा लाल आहे. ह्यांचाच लाल आहे.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन दुकानात. बंद दुकान, शंभर नळ, एकातून पाणी नाही, आणि काचेकाचेत मी. मागच्या खोलीत गेलो. पाम माझ्या छातीपर्यंत आला होता, आणि मधून कोंब, भाल्यासारखा सरळ, बंद, टोकाला विटकरी रंग. हातभर लांब. मी टबाच्या काठावर बसलो. किती वेळ बसलो ठाऊक नाही. आणि मग... हे मी आमच्या हिलाही सांगितलेलं नाही. मी तो कोंब दोन बोटांत धरला. नुसता धरला. कोवळा असतो हो तो, गाजरासारखा, जरा वाकवला की कट्. आणि कुणाला कळणार होतं? दुकान बंद, वाफ नाही, कोंब गळाला. सर काय करणार, सरांनी फार प्रयत्न केला. सगळे माझीच समजूत घालतील. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, फांदी मोडू नका, आणि मी छप्पन्न इंची टबात वाकून कोंब धरून बसलेलो.

पामाकडे बघवेना, म्हणून मी मान वळवली. आणि भिंतीला टेकवलेली एक फरशी दिसली. पांढरी, नमुन्याची. तिच्यावर मार्करनं लिहिलेलं, अक्षर साडूंचं, कोंबडीच्या पायांसारखं. वर मथळा, "सरांनी सांगितलेलं." आणि खाली सगळं. ऊन नको उजेड हवा. हवा दमट. माती ओली, पाणी साचू नये. उकरू नये. शेवटी, खाली दोन रेघा ओढून, "मुळांना हात लावायचा नाही." माझंच सगळं. जिन्यातलं. शब्द न् शब्द. मार्कर पुसट झाला की परत गिरवलेला दिसत होता, सात वर्षं. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. फक्त मीच माझं ऐकलं नव्हतं.

मी बोटं काढून घेतली. आणि उठून पहिल्या शॉवरचा नळ सोडला.

त्यानंतर सात दिवस, तुम्हाला सांगतो, मी त्या दुकानात नोकरी केली. सकाळी जायचं, पाचही शॉवर लावायचे, खोलीत वाफ कोंडायची, माती बोटानं बघायची, बोट काढून घ्यायचं. माझा चष्मा वाफाळलेला, सदरा अंगाला चिकटलेला. शटर अर्धं उघडं म्हणून लोक वाकून आत यायचे. "हा शॉवर कसा आहे हो?" मी म्हणायचो, "दुकान बंद आहे." ते म्हणायचे, "मग चालू कसा आहे?" आता काय सांगणार? एका गृहस्थांना मी पाण्याचा दाब मुळांत कसा चढतो ते समजावलं, तर त्यांनी दोन शॉवर ठरवले. मेहुणीला कळवलं, ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही आधी का नाही आलात ह्या धंद्यात?" माझं काही म्हणणं नाही.

आठव्या दिवशी सकाळी मी आत गेलो आणि दिवा लावायची गरज पडली नाही. पान उघडलं होतं. कसं सांगू... मी तुम्हाला पानाच्या पेशी सांगू शकतो, पण ते लाल मला सांगता येणार नाही. वरून उजेड पडत होता आणि तो उजेडच लाल होऊन खाली येत होता, पांढऱ्या टबावर, नळांवर, माझ्या हातावर. मी तिथे उभा राहिलो आणि तीन-चार मिनिटं मी विसरून गेलो की हे झाड कुणाचं आहे. खरंच विसरलो. सात वर्षांतली तेवढीच तीन-चार मिनिटं. मग आठवलं.

बाबांना घेऊन आलो. टॅक्सीतून उतरताना त्यांचा हात धरला होता, मागच्या खोलीपर्यंत धरून नेलं, ह्या खोलीत ते आधी कधी आलेच नव्हते. ते टबासमोर उभे राहिले आणि त्यांनी मान वळवली, एका बाजूला, पक्षी बघतात तशी. त्यांना कडेनंच दिसतं ना. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग हात पुढे केला, मी त्यांचं बोट पानापाशी नेलं. ते म्हणाले, "तेच आहे." मग माझा हात दाबून म्हणाले, "जमलं तुम्हाला, जावईबापू. मला वाटलंच होतं, जमलं तर तुम्हालाच जमणार."

इथे, तुम्हाला सांगतो, इथे माणसानं काय म्हणायला हवं? "बाबा, हा माझा नाही." पाच शब्दसुद्धा नाहीत. माझ्या जिभेवर आले होते. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हं."

"हं" म्हणजे हो नाही. तुम्ही कुणालाही विचारा. "हं" म्हणजे ऐकलं. पण बाबांनी घरी जाऊन सगळ्यांना फोन लावले, त्या बेटाजवळच्या जोडीदारालासुद्धा, मोठ्या आवाजात, "माझ्या थोरल्या जावयानं उमलवला." आमची ही स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. रात्री जेवताना म्हणाली, "खरं सांगून टाका. तुम्हाला पचत नाही, उद्या पोट बिघडेल." मी म्हटलं, "सांगणार आहे." ती म्हणाली, "कधी?" मी म्हटलं, "योग्य वेळ बघून." ती म्हणाली, "ती आज सकाळीच होऊन गेली." आणि माझ्या ताटात वाढलं.

चार दिवसांनी साडू दवाखान्यातून सुटले, आणि घरी न जाता आधी दुकानात. मेहुणी ओरडत होती, ते ऐकेनात. बाबाही हट्टानं आले होते, रोज यायचे ते, खुर्ची टाकून बसायचे, मान तिरकी करून. पान आता जरा तांबूस झालं होतं, पण होतं लाल. साडू हळूहळू चालत आले, टबाशी थांबले, आणि त्यांचा चेहरा... सात वर्षं सांभाळलं होतं त्यांनी. त्यांनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "बघा हो, सरांनी शेवटी करून दाखवलं. तुमच्या रोपाचं काय झालं? वाळलं का?"

शॉवर चालू होता. साडूंनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फरशीकडे. मला वाटलं, आता बोलणार, आणि बोलावंच, मी असतो तर बोललोच असतो, दवाखान्याचे कागद दाखवून बोललो असतो. आणि साडू म्हणाले, "माझं आहे अजून, बाबा. जरा मागे पडलंय. सरांनी आपलं ऊब मिळावी म्हणून माझ्याकडे आणून ठेवलंय."

सहज. डोळ्याचं पातं न लवता. जाळी बसवलेल्या हृदयानं.

मला ते झेपेना हो. शिव्या दिल्या असत्या तर झेपलं असतं. मी म्हटलं, "नाही, बाबा. खोटं आहे हे. हा पाम यांचा आहे. यांनीच वाढवला. माझा घरी आहे, खुरटलेला, मीच खुरटवला त्याला. मी त्या दिवशी नुसतं हं म्हणालो." एका दमात बोललो. घाम फुटला, पण हलकं वाटलं. वाटलं, चला, सुटलो.

बाबा हसले. हात लांब करून त्यांनी माझा खांदा शोधला आणि थोपटला. साडूंना म्हणाले, "बघा, कसा माणूस आहे. तुम्ही आजारी आहात, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आपलं झाड तुमच्या नावावर करतोय." मी म्हटलं, "अहो बाबा, खरंच..." ते म्हणाले, "पुरे. मला डोळ्यांनी दिसत नाही, पण माणसं दिसतात." आणि साडू काय म्हणाले? साडू म्हणाले, "हो ना, सरांचं मन फारच मोठं."

मी त्यांना नंतर बाहेर शटरपाशी गाठलं. म्हटलं, "तुम्ही असं का केलंत?" ते म्हणाले, "सर, मी नुसतं पाणी घातलं. सांगितलं तुम्ही, शेवटचे दिवस सांभाळलं तुम्ही. आणि बाबांना बरं वाटलं ना? आता किती दिवस दिसणार आहे त्यांना." मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. म्हटलं, कुठेतरी उपकार असेल, कोपऱ्यात कुठेतरी, मिशीखाली. नव्हता. सगळीकडे शोधला.

घरी आलो तर दुसरीच तऱ्हा. बारा दिवस मी दुकानात अडकलेलो, घरच्या पामाकडे फिरकलो नाही. ना खत, ना टेप, ना माती बदलली. तर ह्या पठ्ठ्यानं कोंब काढला. दीड वर्षांत पहिला. करंगळीएवढा. आमच्या हिनं कुंडीपुढे जड टेबल ओढून ठेवलंय आणि मला बजावलंय, "लांबून बघायचं." लाल होईल की हिरवा, ठाऊक नाही. मी टेबलाच्या अलीकडून बघतो. ह्याचा रंग बघायला बाबांना वेळ आहे का, तेही ठाऊक नाही.

आता काय आहे, साडूंना जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, म्हणून दुकानातल्या पामाचं सगळं मीच बघतो. रोज सकाळी. बाबा खुर्चीत असतात, पान आता हिरवं झालंय, पण त्यांना अजून लाल दिसतं, आणि कुणी दुरुस्त करत नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला साडू माझ्याकडे बोट करून सांगतात, "हे झाड आमच्या सरांचं." आणि मला विचारतात, "सर, घरचा काय म्हणतो?" मनापासून. मी तोंड फिरवून पाणी घालतो. काय करणार... माणसाचा हेवा करायचा तर तो माणूस जरातरी वाईट असावा लागतो हो. ह्यांनी माझी तेवढीही सोय ठेवली नाही.